पिंटरेस्टवर धंदा मांडायचाय? आधी बघा, तिथे गिऱ्हाईक काय करतं



पिंटरेस्टच्या व्हिडिओत अकाउंट उघडून दाखवलंय. कुठलं बटण कुठे आहे, ते तिथे बघून घ्या. त्या पंधरा मिनिटांत जे बसलं नाही ते इथे लिहितोय. हे ॲप आपल्या नागपुरातल्या छोट्या धंद्याच्या कामाचं आहे का? कोणाच्या आहे, आणि कोणी त्याच्या नादी लागू नये?

धरमपेठ असो की महाल, लग्नसराईत कुठल्याही लेडीज टेलरकडे अर्धा तास बसून बघा. येणारी दर दुसरी ताई पिशवीतून कापड काढायच्या आधी मोबाईल काढते. "भाऊ, असा मागचा गळा पाहिजे. बाही अशी. लटकन असं." स्क्रीनवर जो फोटो असतो तो बरेचदा पिंटरेस्टवरून घेतलेला असतो. म्हणजे पिंटरेस्ट आपल्या दुकानात आधीच येऊन बसलंय. फक्त आपण त्यात नाही! फोटो कुठल्या तरी दूरच्या बुटिकचा, शिलाई आपली, आणि त्या फोटोखाली नाव तिसऱ्याचंच. आपल्या हातचं काम त्या मोबाईलमध्ये का नसावं, एवढाच प्रश्न आहे.

आता हे ॲप नेमकं आहे काय ते समजून घेऊ. आपल्या आया-मावश्या मासिकातली रांगोळी, स्वेटरची वीण, रेसिपी कापून वहीत चिकटवायच्या, आठवतं? तीच वही, पण मोबाईलवरची. फोटो जपून ठेवला की ती झाली पिन, आणि एका विषयाच्या पिना जिथे ठेवल्या तो बोर्ड. नावसुद्धा पिन आणि इंटरेस्ट जोडूनच झालंय.

बेन सिल्बरमन आणि त्याच्या साथीदारांनी हे सुरू करायच्या आधी 'टोट' नावाचं खरेदीचं ॲप काढलं होतं. ते काही चाललं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली. लोक त्यावर फारसं विकत घेत नव्हते, आवडलेल्या वस्तू नुसत्या जमवून ठेवत होते. दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता. यांनी त्या जमवण्याचंच ॲप केलं. मार्च 2010 मध्ये ते मोजक्या लोकांसाठी उघडलं. सुरुवात इतकी हळू होती की पहिल्या काही हजार वापरणाऱ्यांना सिल्बरमनने स्वतः लिहिलं. ऑगस्ट 2012 पर्यंत तर आमंत्रणाशिवाय आत जाताही येत नव्हतं. आज महिन्याला 50 कोटींहून जास्त लोक ते वापरतात.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण आपल्या कामाची मेख तिच्यातच आहे. पिंटरेस्टवर माणूस आधी जमवतो, मग विकत घेतो. इन्स्टाग्रामवर लोक काय चाललंय ते बघायला जातात. पिंटरेस्टवर जातात ते पुढे काय करायचंय ते ठरवायला. मुलीचं लग्न चार महिन्यांवर असलेली आई तिथे "रुखवत" शोधते. नवीन फ्लॅटचा ताबा मिळणार असलेलं जोडपं देवघराची डिझाइन शोधतं. संक्रांत जवळ आली की हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, याची शोधाशोध सुरू होते. पैसे खर्च होणार हे त्यांचं नक्की असतं, कुठे ते ठरायचं असतं. गिऱ्हाईक या अवस्थेत सापडणं म्हणजे काय, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

दुसरा फायदा टिकण्याचा. इन्स्टाग्रामची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. पिन शोधात सापडत राहते, कधी कधी टाकल्यानंतर वर्षानेही. पण याची उलटी बाजूही ऐका: पिन चालायलाही वेळ लागतो. आज टाकली आणि संध्याकाळी ऑर्डर, असं इथे होत नाही. पुढच्या आठवड्याचं दुकानभाडं सुटावं म्हणून कोणी पिंटरेस्ट उघडत असेल, तर भाऊ, नको. त्यासाठी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा.

कोणाच्या कामाचं, कोणाच्या नाही

हिंगण्याला मेस चालवता, डबे पुरवता? पिंटरेस्ट विसरा. तुमचं गिऱ्हाईक पाच किलोमीटरच्या आत आहे. गूगल मॅपवर धंद्याची नोंद करा, चार चांगले फोटो टाका, काम झालं. मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, किराणा यांचंही तेच. पिनला जगभरातून हजार लोकांनी बघितलं, आणि त्यातलं एकही वाडीला राहत नसेल, तर त्या हजारांचं काय करायचं?

चालतं कोणाचं? ज्याची वस्तू फोटोत बघून मन जातं आणि खोक्यात भरून पाठवता येते, त्याचं. विदर्भाची करवत काठी साडी घ्या. टसरची, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, भौगोलिक मानांकन मिळालेली. पैठणी सगळ्यांना माहीत आहे, करवत काठी पुण्या-मुंबईतल्याही अनेकांना माहीत नाही. पण टसर साडी शोधणारी बाई बंगळुरूतही आहे आणि न्यू जर्सीतही. तिच्यासमोर काठाचा जवळून घेतलेला फोटो गेला, तर अंतराचा प्रश्न उरत नाही. बांबूच्या वस्तू, क्रोशाची तोरणं, हाताने रंगवलेले पाट, टेराकोटाचे दागिने, रुखवताचं साहित्य, लग्नाच्या भेटीचं पॅकिंग, हे सगळं या गटात येतं.

मधला एक गट आहे: बुटिक, मेंदी, केक, डेकोरेशन. काम गावातलंच, पण शोध पिंटरेस्टवर. यांनी यावं, फक्त प्रत्येक पिनमध्ये "नागपूर" लिहावं. बाहेरच्या गावच्या लाइकने हुरळून जाऊ नये.

सुरुवात उलट्या टोकाकडून

बहुतेक जण अकाउंट उघडतात, पन्नास फोटो टाकतात आणि मग विचारतात, सर, ऑर्डर येत नाही. अहो, पिनवर बोट लावलेल्या माणसाला तुम्ही पाठवलं कुठे? प्रत्येक पिनला एक लिंक देता येते. ती लिंक रिकामी असेल तर तुमचा फोटो म्हणजे पत्ता नसलेली लग्नपत्रिका.

म्हणून आधी लिंकची जागा तयार करा. मोठी वेबसाइट नको. एक साधं पान, त्यावर वस्तूचा फोटो, किंमत किंवा किमान "इतक्यापासून पुढे", घडवायला किती दिवस लागतात, पार्सल कुठे कुठे जातं, आणि व्हॉट्सॲपचं बटण. किंमत लपवू नका. "प्राइससाठी मेसेज करा" हे वाचून अर्धे लोक परत फिरतात. छोट्या केलेल्या लिंका पिनमध्ये टाकू नका, पिंटरेस्टला त्या संशयास्पद वाटतात. स्वतःची वेबसाइट असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती आपली असल्याचं सिद्ध करून घ्या. यालाच क्लेम करणं म्हणतात. त्याने तुमच्या साइटवरून जपल्या गेलेल्या पिनांवर तुमचं नाव येतं आणि त्यांचे आकडेही दिसतात.

मग अकाउंट. बिझनेस अकाउंट फुकट आहे, साधं अकाउंट असेल तर तेच बदलून घेता येतं. नावात नुसतं "श्री क्रिएशन्स" लिहून भागत नाही. तसल्या नावाची दुकानं गल्लोगल्ली आहेत. काम आणि गाव दोन्ही लिहा.

बोर्ड चार-पाच पुरे. बोर्डाचं नाव लोक शोधतात तसं ठेवा. "आमचं कलेक्शन" कोणीही शोधत नाही. "रुखवत सजावट", "पैठणी ब्लाऊज मागचा गळा", "संक्रांतीचं वाण शंभर रुपयांच्या आत" हे शोधतात. नेमकं काय शोधतात हे कळायचा सोपा उपाय म्हणजे वरच्या शोधपट्टीत पहिला शब्द टाका आणि खाली काय काय सुचवलं जातंय ते वहीत उतरवा. आणि हो, आपले लोक मराठी शब्द बरेचदा रोमन लिपीत टाइप करतात. त्यामुळे पिनचं शीर्षक एका पिनवर देवनागरीत, दुसऱ्यावर रोमन लिपीत, तिसऱ्यावर इंग्रजी शब्दांत, असं करून बघा. एकाच रुखवताचे तीन कोनांतून तीन फोटो घ्या, तीन पिना होतात. शीर्षक शंभर अक्षरांत बसवायचं असतं, आणि यादीत दिसतात ती सुरुवातीचीच. महत्त्वाचा शब्द आधी.

फोटो उभा हवा, दोनास तीन प्रमाणात, म्हणजे 1000 बाय 1500 पिक्सेल. आडवा फोटो मोबाईलच्या पडद्यावर बिचारा चिंचोळा दिसतो. महागडा कॅमेरा नको, पण नागपूरचं ऊन सांभाळा. दुपारी गच्चीवर साडी पसरून काढलेल्या फोटोत रंग उडालेला दिसतो, आणि मग पार्सल मिळाल्यावर "रंग वेगळा आला" म्हणून भांडण. सकाळी लवकर किंवा सावलीच्या गॅलरीत काढा, मागे पांढरी चादर. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक जवळून, एक वापरात असलेल्या वस्तूचा.

फोटो स्वतःच्याच कामाचा. हे मी दरडावून सांगतो. दुसऱ्या बुटिकचा फोटो उचलून आपल्या नावाने टाकणं चोरी आहेच, शिवाय तक्रार झाली की पिन जाते आणि वारंवार झालं तर अकाउंटही. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाईक तोच फोटो दाखवून "अगदी असंच द्या" म्हणेल, तेव्हा काय कराल? एआयने केलेल्या चित्रांचंही तेच. पिंटरेस्टवर अशा चित्रांचा इतका सुळसुळाट झाला की 2025 पासून त्यांना वेगळी खूण लावायला सुरुवात झाली. जे शिवता येत नाही ते ब्लाऊज दाखवू नका. आणि नवरीचा चेहरा दिसत असेल तर तिला विचारल्याशिवाय टाकू नका, फोटो तुमच्याच दुकानात काढलेला असला तरी.

पंचांग समोर ठेवा

इथे बरेच जण चुकतात. लोक सणाच्या बरेच आधी शोधायला लागतात, आणि पिनला रुळायला वेळ लागतो, म्हणजे आपल्याला त्याहूनही आधी टाकावं लागतं. माझा ढोबळ हिशोब दोन-तीन महिन्यांचा आहे. संक्रांतीचं वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. गौरी-गणपतीची सजावट जूनमध्ये. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तर रुखवत गणपतीच्या आसपास दिसायला लागलं पाहिजे.

आपल्या तान्ह्या पोळ्याचं उदाहरण घ्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: श्रावण अमावास्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात लहान मुलं लाकडी नंदी सजवून घेऊन निघतात. नंदी, त्याची झूल, शिंगांचे गोंडे, मुलाचा शेतकऱ्याचा पोशाख, या सगळ्याचा धंदा जेमतेम आठ-दहा दिवसांचा. त्या गर्दीत फोटो काढायला कोणाला वेळ? आणि सण संपला की विकलेला नंदी परत येत नाही. म्हणून त्या दहा दिवसांत घरातल्या कोणाला तरी एकच काम द्या. विक्रीला जाणारी प्रत्येक चांगली वस्तू हातातून सुटायच्या आधी उभ्या फोटोत आली पाहिजे. पिना पुढच्या जूनमध्ये टाकायच्या. नंदीच्या सजावटीची कल्पना शोधणारं कुटुंब आज नागपूरबाहेरही आहे, पुण्यात नोकरीला गेलेलं, परदेशात गेलेलं, ज्यांना मुलाला तान्हा पोळा दाखवायचाय. त्यांना बर्डीवर येणं जमत नाही.

रोज ऑनलाइन बसायची गरज नाही. आठवड्यातून एक तास काढा, पाच-सहा पिना तयार करा, पुढच्या तारखा टाकून ठेवा. तशी सोय ॲपमध्येच आहे.

कुठला आकडा बघायचा

बिझनेस अकाउंटमध्ये आकडे दिसतात आणि पहिल्यांदा बघितल्यावर डोकं फिरतं. इम्प्रेशन म्हणजे पिन किती वेळा पडद्यावरून गेली. बर्डीच्या मेन रोडवरून दुकानासमोरून जाणारी गर्दी समजा. त्याने गल्ला भरत नाही. सेव्ह म्हणजे कोणीतरी वहीत चिकटवलं. हा चांगला इशारा आहे, पसंती कुठे आहे ते कळतं. आउटबाउंड क्लिक म्हणजे माणूस तुमच्या पानावर पोचला, दुकानाची पायरी चढला. मी महिन्याला फक्त हे शेवटचे दोन वहीत लिहायला सांगतो, आणि तिसऱ्या रकान्यात आलेल्या चौकशा. व्हॉट्सॲपवर नवीन माणूस आला की एक प्रश्न विचारायचाच: "ताई, आमचा पत्ता कुठून मिळाला?"

सेव्ह भरपूर आणि क्लिक नाहीत, तर पिनवर सगळंच दाखवून टाकलंय किंवा लिंकच नाही. क्लिक आहेत आणि चौकशी नाही, तर पान तपासा: किंमत लिहिलीय का, बटण चालतं का, मोबाईलवर उघडायला किती वेळ लागतो. सेव्हही नाहीत, तर फोटो किंवा शब्द चुकतायत. चार महिने, आठवड्याला पाच पिना, म्हणजे साधारण ऐंशी पिना. त्यानंतर वही उघडून बसा. तिन्ही रकाने कोरडे असतील तर तो आठवड्याचा तास गांधीबागेत माल निवडायला द्या.