एक जादूगार आणि घरातले चार वाचक

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला भावाकडे गेले होते. भाची आठवीत आहे. हॅरी पॉटरचे सातही भाग तिने दोन-दोनदा वाचले आहेत. 'आता पुढे काय वाचू?' असे तिने फोनवर विचारले होते, म्हणून मी मोठ्या उत्साहाने माझे कडा पिवळ्या पडलेले जुने पुस्तक सोबत नेले. अर्सुला के. ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी.

तिसऱ्या दिवशी ते शिलाई मशीनवर उपडे पडलेले दिसले.

"आत्या, यात कुणी हसतच नाही गं. आणि जादूची शाळा दोन-तीन प्रकरणांत संपतेसुद्धा!"

मी जरा हिरमुसले, पण तिची तक्रार काही जगावेगळी नाही. 1968 मध्ये आलेल्या या पुस्तकाबद्दल वाचकांत नेहमीच दोन तट पडत आले आहेत. काहींच्या मते किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली ही सर्वात सुंदर जादूकथा आहे. काहींना ती कोरडी वाटते. संवाद कमी, विनोद जवळजवळ नाहीच, आणि निवेदक जुन्या दंतकथा सांगणाऱ्यासारखा लांबून बोलतो. हॅरीबरोबर आपण वर्गात बसतो. इथल्या नायकाकडे मात्र डोंगरावरून पाहिल्यासारखे वाटते.

एका प्रकाशकाने ल ग्विन यांना थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक लिहायला सांगितले होते. जादूगार म्हटले की पांढऱ्या दाढीचा म्हाताराच का डोळ्यांसमोर येतो, हा म्हातारा तरुणपणी कसा असेल, तो हे सगळे शिकला कुठे, असे प्रश्न त्यांना पडले. त्यातून गेड जन्माला आला. डोंगराळ बेटावरच्या खेड्यातला, आईविना वाढलेला, शेळ्या राखणारा लोहाराचा मुलगा. अंगात विलक्षण शक्ती आणि डोक्यात तितकीच घमेंड. ओगिऑन नावाचा शांत गुरू त्याला आधी रानातल्या वनस्पती ओळखायला लावतो आणि गप्प राहायला शिकवतो. पोराला हे कसे पटावे? त्याला लगेच जादू हवी असते. तो गुरूला सोडून रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो.

(हे सगळे हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या 29 वर्षे आधीचे. आपली नक्कल झाली असे ल ग्विन म्हणत नसत. रोलिंग यांनी आधीच्या लेखकांचे ऋण जरा मोकळेपणाने मानायला हवे होते, एवढीच त्यांची कुरकुर होती.)

पैजेची किंमत

दुसरा वाचक अनपेक्षित निघाला. भाचा सतरा वर्षांचा आहे. तो पुस्तके वाचत नाही, मोबाइल वाचतो. गेल्या वर्षी त्याच्या हातून एक गोष्ट घडली. क्लासच्या बाहेर कुणीतरी डिवचले, पैज लागली आणि लायसन्स नसताना त्याने दुसऱ्याची बाइक पळवली. बाइक घसरली. याला खरचटले, पण मागे बसलेल्या मित्राचा पाय दोन ठिकाणी मोडला. मित्र आता चालतो, पण हा तेव्हापासून घरात पाहुण्यासारखा राहतो. सगळ्यांनी समजावून झाले. 'झालं ते झालं' हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोलले गेले आहे की त्याला आता काही वजनच उरलेले नाही.

वीज गेली होती आणि फोनची बॅटरी संपली होती, म्हणून त्याने मशीनवरचे पुस्तक उचलले. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर वीज आलेली आणि हा वाचतच होता.

ज्यांनी पुस्तक वाचले आहे, त्यांना कारण कळेल. शाळेत जॅस्पर नावाचा एक उमराव मुलगा गेडला सतत टोमणे मारतो. एका रात्री पैज लागते आणि आपले सामर्थ्य दाखवायला गेड मृताच्या आत्म्याला बोलावतो. त्या फटीतून एक काळी सावली या जगात शिरते. गेडचा चेहरा फाटतो, आणि ती फट बुजवताना शाळेच्या वृद्ध प्रमुखाचा जीव जातो. पुढची सगळी कथा या एका चुकीची आहे. जगावर राज्य करू पाहणारा कुणी दुष्ट राजा इथे नाही. युद्ध नाही. आपण स्वतः मोकळी सोडलेली गोष्ट आपल्या मागे लागली आहे आणि तिच्यापासून पळायला समुद्रही पुरत नाही, एवढेच आहे.

ज्या कारणासाठी काही वाचक या पुस्तकाला संथ आणि उदास म्हणतात, त्याच कारणासाठी इतरांना ते आयुष्यभर पुरते. मी स्वतः दुसऱ्या गटातली. तरीही भाचीच्या वयाच्या सगळ्याच मुलांना ते आवडावे, असा हट्ट मी आता धरणार नाही.

भाच्याने सकाळी एवढेच विचारले, "त्याला कुणी ओरडत का नाही गं, आत्या?"

खरेच, ओरडत नाहीत. आजारातून उठलेल्या गेडला शिक्षक पुन्हा शिकायला बसवतात. त्याचा मित्र व्हेच तर त्याला आपले खरे नाव सांगतो. अर्थसीत हे केवढे मोठे! तिथे प्रत्येकाला दोन नावे असतात. एक हाक मारायचे, गेडचे ते 'ससाणा', आणि दुसरे खरे. ज्याला खरे नाव कळले, त्याची त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून ते अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगायचे. गेड सर्वात खचलेला असताना मित्र आपले नाव त्याच्या हातात ठेवतो. उपदेश नाही की सांत्वनाचे शब्द नाहीत.

वहिनीची हरकत

नावाची ही गोष्ट मी जेवताना सांगितली आणि वहिनी म्हणाली, "ताई, आपल्याकडेही राशीचं नाव वेगळं ठेवतातच की. आणि माझं तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बदलूनच टाकलं." मग तिने पुस्तक मागून घेतले आणि चार दिवसांत संपवले. भाषा तिला फार आवडली, पण राग आला तो बायकांच्या जागेवरून. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेशच नाही. खेड्यातल्या चेटकिणींची जादू हलकी मानलेली, आणि किल्ल्यातली सुंदर स्त्री भुरळ घालून फसवणारी. "लिहिणारी बाईच ना?" वहिनीने विचारले.

हा आक्षेप जुना आहे आणि योग्यही आहे. ल ग्विन यांनी तो पुढे स्वतः मान्य केला. आपण तेव्हा पुरुष नायकांच्या परंपरेतच लिहीत होतो, असे त्या सांगत. 1971 च्या दुसऱ्या भागात त्यांनी टेनार ही मुलगी मध्यभागी आणली. 1990 मध्ये 'टेहानू' लिहून तीच टेनार प्रौढ विधवा म्हणून दाखवली, जिच्या पदरात एक भाजलेली मुलगी आहे. त्यावर जुन्या चाहत्यांतले काही नाराज झाले. त्यांना पराक्रम हवा होता, आणि लेखिका भांडी, शेळ्या आणि घरातली भीती यांबद्दल लिहीत होती. मला स्वतःला तो भाग पहिल्याहून मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट मी भाचीला मुद्दाम दाखवली. गेडचा रंग तांबूस-तपकिरी आहे आणि व्हेच काळा आहे. गोरे लोक कथेत आहेत, पण ते गावावर धाड घालणारे. 1968 मध्ये हे धाडसच होते. अनेक मुखपृष्ठांवर तरीही गेड गोरा रंगवला गेला. 2004 च्या अमेरिकन टीव्ही मालिकेतही गोराच नट घेतला, तेव्हा ल ग्विन यांनी लेख लिहून जाहीर निषेध केला.

"म्हणजे हा आपल्यासारखा दिसतो?" भाची म्हणाली आणि पहिले पान पुन्हा उघडले. या वेळी मी मोठ्याने वाचले, ती ऐकत लोळली. मोठ्याने वाचले की ते लांबचे वाटणारे निवेदन आजीच्या गोष्टीसारखे होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी हे पुस्तक घेत असाल, तर पहिली तीन प्रकरणे अशीच वाचून दाखवा आणि सुरुवातीचा बेटांचा नकाशा समोर ठेवा. एका लहान मुलाच्या मृत्यूचा प्रसंग आहे, तो आधी स्वतः वाचून घ्या. माझी भाची सध्या ड्रॅगनपर्यंत पोहोचली आहे. आवडले का, तर 'ठीक आहे'. हॅरी अजून पहिलाच.

निघताना मी पुस्तक परत मागितले, कारण भाचीसाठी नवी प्रत मागवली होती. भाचा म्हणाला, "ते माझ्या मित्राला दिलंय वाचायला."

कोणत्या मित्राला, ते मी विचारले नाही.