भीमगीतांच्या कॅसेटी आणि ग्रंथालयातील नोंद

पुस्तकाची नोंद करणे तसे सोपे. आतल्या पानावर लेखक, प्रकाशक, सन सगळे छापलेले असते. कॅसेटी व चित्रपटांचे तसे नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला १८३८ साली स्थापन झालेल्या जिल्हा वाचनालयाची परंपरा आहे. परंतु विहारांत व घराघरांत साठलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी सार्वजनिक ग्रंथालयात आणावयाच्या, तर त्या कोणाच्या नावाखाली ठेवायच्या, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या १९७८ च्या आवृत्तीप्रमाणे, अनेकांच्या रचना एका शीर्षकाखाली असलेल्या कॅसेटची मुख्य नोंद प्रमुख गायकाच्या नावे होते. नियम सोयीचा आहे. पण आपण तेवढ्यावर थांबलो तर कवीवर अन्याय होतो. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक अक्षरांत, कधी तेही नसते. शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते कितीतरी गायकांनी गायिली. केवळ गायकाची नोंद असेल, तर वामनदादांवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार? म्हणून गीतकार व संगीतकार यांच्या पूरक नोंदी केल्याच पाहिजेत. कवीचे नाव छापलेले नसल्यास कॅसेट शेवटपर्यंत ऐकावी. शाहिरी रीतीप्रमाणे अखेरच्या कडव्यात पुष्कळदा कवीची नाममुद्रा सापडते. नाव पूर्ण लिहावे. आंबेडकरी जलशाचे शाहीर भीमराव कर्डक वेगळे, वामनदादा वेगळे. नुसत्या ‘कर्डक’ने घोटाळा होतो. गीतांच्या पहिल्या ओळींची अकारविल्हे सूचीही हवी, कारण आपले लोक गाणे ओळीवरून मागतात.

चित्रपटाला अनेकांचे हात लागतात, म्हणून त्याची नोंद शीर्षकाखाली होते. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाची नोंद करताना दिग्दर्शक, प्रमुख नट मामुट्टी व त्या प्रतीची भाषा लिहावी. मूळ चित्रपट इंग्रजीत आहे. ड्यूई वर्गीकरणात चित्रपटकलेला ७९१.४३ व संगीताला ७८० हा क्रमांक आहे. तरी या चित्रपटाची एक चिठ्ठी बाबासाहेबांच्या चरित्रग्रंथांतही असावी.

कॅसेटी उभ्या ठेवाव्यात. पत्र्याची तापणारी खोली व लाउडस्पीकरचे चुंबक यांपासून त्या दूर असाव्यात. मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडले म्हणजे चुकून दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, ग्रंथालयाकडे मूळ प्रत असल्यास नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवता येते.

जयंतीच्या कार्यक्रमांत घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी मात्र सर्वांत आधी हाती घ्याव्यात. बाजारातील कॅसेटची दुसरी प्रत कोठे तरी मिळेल, यांची नाही. कॅसेट देणाऱ्याला विचारून गाव, वर्ष, गाणारे कोण, ढोलकीवर कोण, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे.