निर्णय घेणाऱ्यांची विश्रांती

देणगीचा विनियोग कसा झाला, हे सांगताना नवीन यंत्रसामग्री दाखविणे सोपे असते. ज्येष्ठ डॉक्टर, अधीक्षक व मेट्रन यांना वेळेवर घरी जाता यावे म्हणून नेमलेल्या बदली कर्मचाऱ्यांचे वेतन मात्र समजावून सांगावे लागते. त्यासाठी हे टिपण.

शस्त्रक्रिया रात्रीच करावी की सकाळपर्यंत थांबावे, अतिदक्षता विभागातील एकुलती रिकामी खाट कोणास द्यावी, हे निर्णय बहुधा ज्येष्ठांवरच येतात. थकव्याने त्यांचे ज्ञान पुसले जात नाही. परिस्थिती पालटली असता आधीचा बेत सोडून देण्याची तयारी मात्र कमी होते. १९८६ साली ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या अपघातात सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अभियंत्यांनी आदल्या दिवशी थंडीबद्दल इशारा देऊनही उड्डाणाचा निर्णय झाला. सांधा निकामी होणे हे अपघाताचे कारण ठरले. परंतु काही प्रमुख व्यवस्थापकांना त्या चर्चेआधीच्या रात्री दोन तासांहून कमी झोप मिळाली होती, याचीही चौकशी आयोगाने नोंद घेतली.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले. मद्यपान केलेल्या डॉक्टरास आपण शस्त्रक्रियागृहाच्या दारातही उभे करणार नाही. जागरण केलेल्याचे मात्र कौतुक करतो! अमेरिकेतील २००३ च्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास वा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी सतत ढासळत गेली, पण आपण फारसे थकलेलो नाही असेच त्यांना वाटत राहिले. आमच्या मते सर्वांत महत्त्वाची बाब हीच. थकलेल्यास आपला थकवा कळत नसेल, तर ‘गरज वाटल्यास विश्रांती घ्या’ या सूचनेस अर्थ उरत नाही. विश्रांती वेळापत्रकातच असावी लागते.

या व्यवस्थेस एक रास्त आक्षेप आहे. पाळी बदलताना रुग्णाविषयीची माहिती निसटते. म्हणून कार्यभार तोंडी न देता रुग्णाच्या खाटेजवळ, नोंदवहीत लिहून देण्याचा आमचा आग्रह असतो. जीव धोक्यात असेल तेव्हा ज्येष्ठांना अर्थातच बोलावले जाते. तथापि गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटे बुद्धी जड असते, हे ध्यानी घेऊन अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घेतले जाते. यंत्रखरेदीसारखे लांबविता येणारे विषय रात्री सहीसाठी पाठवू नयेत, हेही त्यातच आले.

यंत्रांचा घसारा आम्ही दरवर्षी हिशेबात धरतो; माणसांच्या घसाऱ्यासाठी ताळेबंदात रकाना नाही. बदली कर्मचाऱ्यांच्या वेतनाकडे विश्वस्त व देणगीदारांनी त्या दृष्टीने पाहावे. नातेवाइकांनाही विनंती, की रात्री ‘आमचे मोठे डॉक्टर’ दिसले नाहीत, तर कर्तव्यावरील डॉक्टरांकडे कार्यभाराच्या नोंदीविषयी निःसंकोच विचारणा करावी.