मान्यताप्राप्त गुंतवणूकदार : उत्पन्नाची कसोटी

उलाढाल आणि उत्पन्न यांची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून सभासद बंधुभगिनींसाठी हा खुलासा आम्ही करीत आहो. ‘सेबी’ने २०२१ साली घालून दिलेल्या निकषांप्रमाणे व्यक्ती, अविभक्त हिंदू कुटुंब वा एकाच मालकाची पेढी यांचे वार्षिक उत्पन्न किमान २ कोटी रुपये असल्यास त्यांस मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराचा दाखला मिळू शकतो. मालमत्तेवर आधारलेल्या कसोट्या निराळ्या आहेत. उत्पन्नाचा पुरावा प्राप्तिकराच्या विवरणपत्राचा. पेढीची उलाढाल अथवा बाजारातील पत तेथे उपयोगी पडत नाही.

दाखला असला म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधीत १ कोटीहून कमी रक्कमही गुंतविता येते. परंतु त्यामुळे जोखीम तिळमात्र कमी होत नाही. कसोटी उत्पन्नाची आहे, व्यवहारज्ञानाची नव्हे. करारपत्र पूर्ण वाचून व घरच्यांशी विचारविनिमय करूनच कुटुंबाचे भांडवल गुंतवावे, अशी आमची विनंती आहे.