त्वचेचे पोषण

त्वचेची घडण व लवचिकता टिकवणाऱ्या घटकांचा आहारातून होणारा पुरवठा म्हणजे त्वचेचे पोषण होय. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तयार होण्यास क जीवनसत्त्व आवश्यक असते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी त्याची दैनंदिन मात्रा ६५ मिलिग्रॅम ठरवली. एका मध्यम आकाराच्या पेरूतून ती भागते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी त्वचा कोरडी व खरखरीत होते.

रायगड किनारपट्टीतील आहार

अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन परिसरात भात आणि मासळी हे मुख्य अन्न आहे. बांगडा व तारली यांतून प्रथिने, तर लाल माठ व शेवग्याच्या पाल्यातून अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य मिळते. शिजवताना क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होत असल्याने आवळा, पेरू कच्चे खाणे हितकर असते.

मर्यादा

मासळी वाळवणाऱ्या कोळी स्त्रिया दीर्घकाळ उन्हात असतात. अतिनील किरणांनी कोलॅजनची होणारी हानी केवळ आहाराने भरून येत नाही. त्यासाठी सावली व अंगभर वस्त्र आवश्यक असते. गरोदरपणात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा अतिरेक झाल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.