मणका जोडायचा, पण कशासाठी?

१९११ साली न्यूयॉर्कमधल्या दोन शल्यविशारदांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया जगासमोर मांडली. रसेल हिब्ज यांनी मणक्यांच्या मागच्या हाडाचेच कपचे उचलून एकमेकांवर वळवले. फ्रेड अल्बी यांनी रोग्याच्या नडगीतून हाडाची पट्टी काढून पाठीत बसवली. दोघांचा शत्रू एकच होता, मणक्याचा क्षय. त्यावर औषध नव्हतं. पोखरलेले मणके ढासळत आणि पाठीला कुबड येई. हलणारा भाग स्थिर केला की कुबड वाढायचं थांबेल, हा हिशेब सरळ होता. आज हीच शस्त्रक्रिया जुनाट कंबरदुखीसाठी सुचवली जाते, तेव्हा तो तितका सरळ राहत नाही.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की दोन मणक्यांमधली गादी फाटून नसेवर दाबली गेली की पायात कळ उतरते. तिथून शल्यविशारदांचं लक्ष गादीकडे वळलं. होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी गादी काढून तिच्या जागी हाड बसवलं. पॅरिसच्या रेमंड रॉय-कमी यांनी १९६०च्या दशकात मणक्याच्या देठातून स्क्रू घालायला सुरुवात केली. जोड भक्कम झाला, पण त्याची किंमत पाठीचे स्नायू मोजत होते. मणके उघडे करायचे तर हे स्नायू हाडापासून खरवडून तासन्‌तास ताणून धरावे लागत.

यावर मेम्फिसच्या केविन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी १९९७ मध्ये नळीतून गादी काढण्याचं तंत्र मांडलं. पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेनं मणके जोडणंही सुरू झालं. रोगी पालथा झोपवतात. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर मणका पाहत मधल्या रेषेच्या बाजूला इंचभराचा छेद घेतात. एक बारीक नळी स्नायूंच्या तंतूंमधून हाडापर्यंत सरकवतात. तिच्यावरून जरा जाड, मग आणखी जाड, अशा नळ्या एकात एक बसणाऱ्या डब्यांसारख्या चढवत नेतात. तंतू कापले न जाता बाजूला होतात. शेवटी दोनेक सेंटिमीटर रुंदीची पोकळ वाट उरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुढचं काम तिच्यातूनच चालतं. मागच्या सांध्याचं हाड काढायचं, नस मोकळी करायची, झिजलेली गादी कोरून काढायची आणि रिकाम्या जागेत ‘केज’ म्हणजे एक पोकळ आधार बसवायचा. त्यात भरायला बऱ्याचदा मघाशी काढलेलंच हाड वापरतात. मग कातडीवरच्या छोट्या छेदांतून स्क्रू आणि ते जोडणारे दांडे घालतात.

यात रक्त कमी जातं, रोगी लवकर चालू लागतो आणि घरीही लवकर जातो. पण वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं तर दुखणं आणि हालचाल यांबाबतीत मोठा छेद घेतलेले आणि छोटा छेद घेतलेले रोगी जवळपास सारखेच असतात. शिवाय इथे डोळ्यांपेक्षा क्ष-किरणांवर भिस्त असल्यानं किरणांचा मारा वाढतो आणि हात बसायला वेळ लागतो. स्क्रू मणके फक्त धरून ठेवतात. हाड शरीरालाच जुळवावं लागतं आणि त्याला कित्येक महिने लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत ते न जुळण्याचा धोका जास्त असतो. जोडलेल्या भागाची हालचाल थांबली की शेजारच्या मणक्यांवरचा ताणही वाढतो.

म्हणून खरा प्रश्न छेदाच्या लांबीचा नाही. ब्रिटनमध्ये ३४९ रोग्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीसाठी शस्त्रक्रिया ही कसून केलेल्या व्यायामोपचारापेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. २०१६ पासून तिथल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निव्वळ कंबरदुखीसाठी चाचणीबाहेर मणके जोडू नयेत. नॉर्वेत मणका पुढे सरकून नसांची वाट अरुंद झालेले २६७ रोगी अभ्यासले गेले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी ७१ टक्के, तर मणकेही जोडलेल्यांपैकी ७३ टक्के रोग्यांना ठरवलेल्या निकषाइतका फायदा झाला होता.

त्यात एमआरआय घोटाळा वाढवतो. अहवालात ‘गॅप’ दिसला की घरदार धास्तावतं. २०१५ च्या एका आढाव्यात काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत आढळली. चित्रातली झीज हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया फोल आहे असा नव्हे. अस्थिर मणका, काही अस्थिभंग, वाढतं व्यंग, क्षयानं ढासळलेलं हाड, अशा ठिकाणी ती आयुष्य सावरते. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचं असतं. तिथे नस मोकळी करण्याची घाई असते.

एरवी मात्र वेळ असतो. टाके किती पडतील हे विचारण्याआधी डॉक्टरांना विचारावं: नेमका कोणता मणका हलतोय, आणि तो न जोडता नुसती नस मोकळी केली तर चालेल का? उत्तरात फक्त एमआरआयमधली झीजच सांगितली गेली, तर नेटानं व्यायामोपचार करावा, दुसरं मत घ्यावं आणि मगच तारीख ठरवावी.