धनुष्याचा सांधा आणि सरसाची निवड

लाकडाच्या पट्ट्या एकावर एक जोडून धनुष्य घडविण्याचा छंद ज्यास लागतो, त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की सर्वांत मजबूत सरस कोणता. आणि मूळ गैरसमज या प्रश्नातच आहे. दोन्ही पट्ट्यांचे तंतू एकाच दिशेने धावत असतील, पृष्ठे एकमेकांस नीट भिडत असतील आणि सरस पुरता वाळला असेल, तर सांधा तोडू जाता लाकूडच आधी फाटते, आणि हे सुताराच्या नेहमीच्या पांढऱ्या सरसासही लागू आहे. केवळ बळावरून फैसला करता येत नाही, तो यासाठी. धनुष्य ओढले की त्याची पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते आणि मधल्या भागात पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात. प्रत्यंचा चढवून ठेवलेल्या धनुष्यात हा भार तासन्‌तास तसाच राहतो.

पांढरा सरस, म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट, उष्णतेने मऊ पडतो आणि अखंड भाराखाली अत्यंत सावकाश सरकतो. वक्र साच्यात दाबून जोडलेल्या माझ्या एका धनुष्याच्या टोकाशी, उन्हाळा सरल्यावर, सांध्यावरून नख फिरविले तेव्हा पूर्वी नसलेली एक बारीक पायरी त्यास लागली. सांधा तुटला नव्हता, सरकला होता. याच कुळातील पाण्यास टिकणारे सुधारित सरस सरळ पट्ट्यांच्या धनुष्यांत पुष्कळ कारागीर समाधानाने वापरतात. परंतु साच्यात वाकविलेल्या पट्ट्यांसाठी सावकाश वाळणारे इपॉक्सी किंवा यूरिया-फॉर्माल्डिहाइड यांचीच शिफारस मी करीन.

शिकंजा जितका आवळावा तितका सांधा पक्का, ही समजूतही पांढऱ्या सरसाच्या सवयीतून आली आहे. इपॉक्सीस अंगचा पातळ थर राहू द्यावा लागतो. अति आवळले तर तो सगळा कडेने बाहेर येतो आणि आत कोरडे लाकूड उरते. हार्डनर थोडा जास्त घातला म्हणजे ते लवकर कडक होते, हेही खरे नाही, कारण राळ आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी संयोग पावतात आणि उरलेला भाग सांधा दुबळा करतो. पॉलियुरेथेन सरसाचा फुगून आलेला फेस फट भरलेली दाखवितो खरा, पण त्या फेसात बळ नसते.

पृष्ठ खरखरीत असले की सरस चांगला धरतो, असेही सांगण्यात येते. वस्तुतः धारदार रंध्याने नुकतेच तासलेले गुळगुळीत पृष्ठ बहुतेक सरसांस उत्तम. जाड पॉलिश कागदाने फाटलेले तंतू स्वतःच सैल असतात आणि सरस त्यांनाच धरून बसतो. सागवानासारख्या तेलकट लाकडास तर जोडण्यापूर्वी लगेच तासणे किंवा ॲसिटोनने पुसणे अवश्य आहे.

प्राण्यांच्या कातड्याचा सरस कालबाह्य झाला, हे मात्र मला सर्वांत अन्यायाचे मत वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताल, वेळू आणि लाकूड यांच्या धनुष्यांसोबत शिंगाच्या धनुष्याचीही गणना आहे. आणि उस्मानी तुर्कांनी शिंग, लाकूड व स्नायुतंतू एकत्र बांधले ते अशाच प्राणिज सरसाने. शिंग आणि लाकूड यांच्या पृष्ठांवर ते दातेरी हत्याराने बारीक खाचा पाडीत, त्या एकमेकींत बसवीत, आणि पाठीवर सरसात भिजविलेले तंतू थराथराने चढवीत. वाळताना हे तंतू आकसत आणि धनुष्यास उलट्या दिशेने ओढून धरीत. येथे प्राणिज सरसाची जागा आधुनिक राळेस सहजी घेता येत नाही. त्याचा वैरी ओलावा. म्हणून कोकणच्या पावसाळ्यात असले धनुष्य बाहेर ठेवणे धोक्याचे.

सरस कोणताही निवडावा, पण त्याच फळीचे दोन तुकडे त्याच दिवशी, त्याच सरसाने जोडून बाजूला ठेवावेत आणि मुदत पुरी झाल्यावर सांध्यात पटाशी घालून उघडावेत. दोन्ही बाजूंस लाकडाचे फाटलेले तंतू दिसले तर पुढील कामास हात घालावा. सरसाचा काचेसारखा स्वच्छ, चकचकीत थर दिसला तर पट्ट्या पुन्हा तासाव्यात.